कंट्रीतली झेंड्याची गाणी ऐकायची कशी

अमेरिकन कंट्री संगीतातली देशभक्तीची गाणी एकदम शफलवर लावू नका, सगळी एकसारखीच वाटतील. आधी जॉनी कॅशचं 'रॅगेड ओल्ड फ्लॅग' (१९७४) घ्या. ते गाणं कमी आणि बोलणं जास्त आहे, कोर्टाच्या चौकात बाकावर बसलेला म्हातारा फाटक्या झेंड्याचं एकेक भोक कुठल्या लढाईत पडलं ते सांगत जातो, तर लढायांची नावं नीट ऐका, हवं तर थांबवून शोधा, त्याशिवाय खरी मजा नाही येत.

मग ली ग्रीनवुडचं १९८४ चं 'गॉड ब्लेस द यूएसए', हे सभेतलं गाणं, कोरसला लोक उभे राहतात, फार खोदत बसू नका.

त्यानंतर ९/११ नंतरची दोन गाणी पाठोपाठ लावाच. अ‍ॅलन जॅक्सन 'व्हेअर वर यू'मध्ये नुसते प्रश्न विचारतो, आवाज अजिबात चढवत नाही. टोबी कीथ 'कर्टसी ऑफ द रेड, व्हाइट अँड ब्लू'मध्ये भडकलेला आहे, पण त्या रागाखाली त्याचे वडील आहेत, सैन्यात उजवा डोळा गमावलेले आणि मरेपर्यंत अंगणात झेंडा लावणारे. माझ्या मते ती एक ओळच अख्ख्या गाण्याचा जीव आहे, धमक्यांच्या ओळी नंतर ऐका.

आणि डिक्सी चिक्स या कंट्री बँडचा २००३ चा किस्सा वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. लंडनच्या स्टेजवरून इराक युद्धाआधी राष्ट्राध्यक्ष बुशवर टीका केली म्हणून कितीतरी कंट्री रेडिओ स्टेशन्सनी त्यांची गाणी लावणंच बंद केलं, ते फार चुकीचं झालं.