ऑइल पंप : दाब का घटतो आणि पंप कसा बदलावा

गाडी चालू असताना ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागला, तर शक्य तितक्या लवकर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे. पंपाचा विचार त्यानंतर करावा. बेअरिंगला (फिरत्या भागांना आधार देणाऱ्या भागांना) ऑइल मिळाले नाही, तर धातूवर धातू घासून ती अगदी थोड्या वेळात खराब होतात.

पंप दाब निर्माण करतो हा समज मुळात अपुरा आहे. पंप फक्त ऑइल ढकलतो. क्रँकशाफ्ट (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) आणि बेअरिंग यांच्यामधल्या अरुंद फटीतून जाताना ऑइलला जो अडथळा होतो, त्यातून दाब तयार होतो. त्यामुळे बेअरिंग झिजून ती फट वाढली, तर नवा पंप बसवूनही दाब पुरेसा वाढत नाही. अनेक इंजिनांमध्ये एकात एक फिरणाऱ्या दोन रोटरांचा पंप असतो. आतल्या रोटरला बाहेरच्यापेक्षा एक दात कमी असल्याने दोघांमधली पोकळी एका बाजूला मोठी होत ऑइल ओढते आणि दुसऱ्या बाजूला लहान होत ते पुढे ढकलते. दाब मर्यादेबाहेर गेला की स्प्रिंगवरचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा ऑइल परत वळवतो. हा व्हॉल्व्ह कचऱ्यामुळे उघडाच अडकला, तर पंप धडधाकट असूनही दाब कमी दिसतो.

म्हणून काहीही खोलण्यापूर्वी मोजमाप करावे. डिपस्टिकवर ऑइलची पातळी पाहावी आणि त्याला पेट्रोल किंवा डिझेलचा वास येतो का, तेही तपासावे, कारण इंधन मिसळून पातळ झालेले ऑइल दाब धरत नाही. नंतर दाबाचा स्विच काढून त्याच्या जागी दाब मोजणारे यांत्रिक गेज लावावे आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) व वाढीव वेगाला येणारे आकडे उत्पादकाच्या सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून पाहावेत. दर 1000 आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) सुमारे 10 पीएसआय (दाबाचे एकक) हा जुना ठोकताळा अंदाजापुरता ठीक आहे, निर्णयासाठी नाही. गेजवर दाब योग्य असेल, तर दोष बहुधा स्विचचा किंवा वायरिंगचा असतो.

पंप बदलायचा ठरल्यावर बॅटरीची ऋण तार काढावी, गाडी भक्कम स्टँडवर घ्यावी (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये) आणि ऑइल काढून चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) उतरवावा. पंप चेंबरमध्ये असेल तर काम तुलनेने सोपे असते. तो क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावर असेल, तर पुली आणि टायमिंगचे भागही (क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारी साखळी किंवा पट्टा) काढावे लागतात, आणि तेव्हा टायमिंगच्या खुणा जुळवून ठेवणे अनिवार्य असते. चेंबरच्या तळाशी चकाकणारा धातूचा चुरा दिसला, तर इथेच थांबून बेअरिंग तपासावीत.

जुन्या पंपाइतकेच लक्ष सक्शन पाइपच्या जाळीकडे द्यावे. ती गाळाने बुजली असेल, तर खरे कारण तिथेच सापडते. पाइपची ओ-रिंग (रबरी सील) प्रत्येक वेळी नवी बसवावी, कारण कडक झालेल्या ओ-रिंगमधून पंप हवा ओढतो. पॅकिंगचे जुने अवशेष काढून सीलंटची बारीक, सलग रेघ द्यावी. जादा सीलंट आत निघून पुन्हा त्याच जाळीत अडकते. बोल्ट मॅन्युअलमधील टॉर्कप्रमाणे (आवळण्याच्या ठरलेल्या जोराने) आवळावेत.

बसवण्यापूर्वी नव्या पंपात स्वच्छ ऑइल भरून तो हाताने फिरवावा. कोरडा पंप ऑइल ओढायला वेळ लावतो आणि तेवढा वेळ बेअरिंग कोरडी राहतात. फिल्टरही नवा लावावा आणि सगळे जोडल्यावर इंजिनात ऑइल भरावे. पहिल्यांदा इंजिन सुरू करताना इंधनपुरवठा आणि इग्निशन बंद ठेवून, स्टार्टरला मध्ये विश्रांती देत, गेजवर दाब दिसेपर्यंत क्रँक करावे (स्टार्टरने इंजिन नुसते फिरवावे). त्यानंतरच इंजिन सुरू करावे, सगळे सांधे गळतीसाठी पाहावेत आणि इंजिन थांबवून काही मिनिटांनी डिपस्टिकवर पातळी पुन्हा तपासून लागेल तेवढे ऑइल भरावे.