एकाच कोअरवर पडलेला पॅकेटांचा भार

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळील एका कार्यालयात लिनक्सवर चालणारा चार कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्र काम करणारा भाग) राउटर मी सांभाळतो. होड्या बंदराला लागून लिलाव सुरू झाला की बिलिंग, कॅमेरे आणि फोन एकदम जोर धरत आणि पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे, गळू लागत. खाऱ्या हवेत जोडण्या गंजतात, म्हणून पहिला संशय केबलवरच गेला (आमच्याकडे तो नेहमीच जातो). परंतु कोणती प्रक्रिया प्रोसेसर किती वापरते हे दाखवणाऱ्या ‘टॉप’मध्ये ‘केसॉफ्टआयआरक्यूडी/०’ ही कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) पॅकेट हाताळणारी प्रक्रिया एक कोअर पूर्ण व्यापून बसलेला आणि उरलेले तीन जवळजवळ रिकामे दिसले.

पॅकेट हाताळणीची मोजणी दाखवणाऱ्या ‘सॉफ्टनेट_स्टॅट’ या फाइलमध्ये प्रत्येक कोअरची एक ओळ असते आणि आकडे षोडशमान पद्धतीत असतात. पहिल्या ओळीचा तिसरा रकाना सतत वाढत होता, म्हणजेच एका फेरीसाठी कर्नल देतो ती मर्यादा, सहसा ३०० पॅकेट किंवा ठरावीक वेळ, काम उरकण्याआधीच संपत होती. नेटवर्क कार्डाला एकच रांग असल्याने सारे इंटरप्ट (पॅकेट आल्याच्या सूचना) एकाच कोअरकडे जात होते. अशा वेळी नुसती मर्यादा वाढवणे मला निरर्थक वाटते.

कर्नल २.६.३५ पासून उपलब्ध असलेली ‘आरपीएस’ ही सोय पत्ते आणि पोर्ट यांच्या हॅशवरून (त्यांपासून काढलेल्या आकड्यावरून) पॅकेट इतर कोअरना वाटते व एका जोडणीची पॅकेट एकाच कोअरकडे ठेवते, त्यामुळे त्यांचा क्रम बिघडत नाही. कोणते कोअर वापरायचे हे सांगणाऱ्या ‘आरपीएस_सीपीयूज’ या फाइलमध्ये ‘ई’ (षोडशमान ई, म्हणजे द्विमान १११०) लिहून शून्य क्रमांकाचा कोअर वगळला आणि गळती थांबली. ‘सॉफ्टनेट_स्टॅट’मधला टाकून दिलेल्या पॅकेटांचा दुसरा रकाना शून्यच राहिल्याने बॅकलॉगची (कोअरपुढे थांबलेल्या पॅकेटांच्या रांगेची) १००० ची मर्यादा बदलली नाही. ‘आरपीएस’ची ही नोंद रीबूटनंतर पुसली जाते आणि पावसाळ्यात इथे वीज वरचेवर जाते, म्हणून ती यंत्र सुरू होताना आपोआप चालणाऱ्या ‘सिस्टमडी’च्या सेवेत घातली.