निमोची पाणबुडी पुन्हा बघायची तर आधी रिमोट हातात घ्या

'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' हा ज्यूल्स व्हर्नच्या कादंबरीवरचा, कॅप्टन निमोच्या पाणबुडीचा १९५४ सालचा चित्रपट मुलांना घेऊन पुन्हा बघायचा बेत असेल, तर पॉपकॉर्नच्या आधी टीव्हीकडे बघा. हा सिनेमास्कोप आहे, म्हणजे चित्राची रुंदी उंचीच्या २.५५ पट. ४३ इंची टीव्ही साधारण ९५ सेंमी रुंद असतो. त्यावर हे चित्र जेमतेम ३७ सेंमी उंच येतं आणि वर-खाली आठ-आठ सेंमीच्या काळ्या पट्ट्या राहतात. खुशाल पट्टी लावून मोजा. पट्ट्या अजिबात नसतील आणि माणसं उंच, काटकुळी दिसत असतील तर चित्र ताणलेलं आहे. माणसं ठीक दिसतात पण पट्ट्या नाहीत, तर 'झूम' चालू आहे आणि जवळजवळ ३० टक्के चित्र दोन्ही कडांनी गेलेलं आहे. पट्ट्या खटकत असतील तर टीव्हीपासून दीड मीटरवर सतरंजी टाका. पाच मिनिटांत त्या विसरायला होतात.

मग पिक्चर मोड 'व्हिविड'वरून 'सिनेमा' किंवा 'मूव्ही'वर आणा. पाण्याखालची दृश्यं बहामाजच्या समुद्रात खरोखर चित्रित केली आहेत. भडक रंगांत तो निळा-हिरवा उजेड नुसता डागाळतो. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंदच करा. चित्रपटाच्या सेकंदाला २४ फ्रेम्स. टीव्ही मधल्या फ्रेम्स स्वतःच्या मनाने भरतो आणि राक्षसी स्क्विड (लांब सोंडांसारख्या हातांचा सागरी प्राणी) जिवंत न वाटता रबरी वाटू लागतो. आधी हा प्रसंग शांत समुद्रावर, सूर्यास्ताच्या उजेडात चित्रित केला होता. त्यात स्क्विडला हलवणाऱ्या तारा दिसत होत्या, म्हणून तो रात्रीच्या वादळात पुन्हा केला. खोलीतली ट्यूबलाइट चालू ठेवलीत तर त्या अंधारात तुमचाच सोफा दिसेल.

साउंडबार नसेल तर ५.१ (सहा स्पीकरांसाठीच्या) ट्रॅकऐवजी स्टिरिओ ट्रॅक निवडा. एरवी निमो झालेल्या जेम्स मेसनचे संथ संवाद संगीताखाली दबतात आणि आवाज वर-खाली करण्यात संध्याकाळ जाते.

लांबी १२७ मिनिटं. आठ वर्षांखालची मुलं असतील तर निमो दारूगोळ्याचं जहाज बुडवतो तिथे थांबा आणि उरलेला भाग दुसऱ्या दिवशी दाखवा. त्या भागात न्यू गिनीच्या किनाऱ्यावर नरभक्षकांचा पाठलाग आहे. तो आज बघवत नाही. नुसता पुढे ढकलू नका, लोकांना असं का रंगवलं असेल ते मुलांशी बोला.

'वीस हजार लीग्ज खोल?' हा प्रश्न येणारच. ही खोली नव्हे, प्रवासाचं अंतर. फ्रेंच लीग चार किलोमीटरची, म्हणजे ८०,००० किमी, पृथ्वीला दोन फेऱ्या.

पुस्तकाचे ४७ अध्याय कुणी एका दमात वाचणार नाही. चित्रपट झाल्यावर दोनच वाचा. दुसऱ्या भागातला तिसरा अध्याय सिलोनच्या मोत्यांचा. त्यात निमो शार्कच्या तोंडून एका गरीब पाणबुड्याला वाचवतो आणि हा भारतीय दडपलेल्यांच्या देशाचा आहे, मीही त्याच देशाचा, अशा अर्थाचं बोलतो. चित्रपटात हे नाही. पुढे 'द मिस्टीरियस आयलंड'मध्ये ज्यूल्स व्हर्नने निमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७ च्या लढ्यात उतरलेला, असा उलगडा केला. ते कळल्यावर मेसनचा निमो पुन्हा बघा. त्याचा राग वेगळा ऐकू येतो. दुसरा अध्याय स्क्विडचा, त्याच भागातला अठरावा. चित्रपटात देवमाशांचा शिकारी नेड लँड निमोला वाचवतो. पुस्तकात निमो नेडला. हा बदल मुलांनी स्वतः हुडकावा, आधी सांगू नका.

प्रत निवडताना जपून. १८७२ चा जुना इंग्रजी अनुवाद फुकट मिळतो आणि बऱ्याच स्वस्त आवृत्त्यांत तोच असतो. त्यात पुस्तकाचा मोठा भाग गाळलेला आहे. नव्या, संपूर्ण अनुवादाची प्रत घ्या. व्हर्न मराठीत हवा असेल तर भा. रा. भागवतांचे अनुवाद वाचनालयात विचारा.