दारू सोडवायची घाई: घरच्यांनी टाळायच्या चुका

आषाढी जवळ आली की सोलापूरकडे घरोघरी एक बेत ठरतो. दशमीला शेवटची पिऊ द्यायची, एकादशीला पंढरपुरात माळ घालायची, विषय संपला. माळेला माझा विरोध नाही. माळकऱ्यापुढे मित्रसुद्धा पेला सरकवत नाहीत, आणि ही मदत कुठल्याच गोळीतून मिळत नाही. चूक आहे ती रोज पिणाऱ्याची दारू मुहूर्त बघून एका रात्रीत तोडण्याची.

रोज दोन-तीन क्वार्टर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीशी झगडत काम करायला शिकलेला असतो. गुंगी अचानक गेली तरी झगडणं चालूच राहतं. शेवटच्या पेल्यानंतर सहा ते बारा तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो, आणि त्यावर उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कामगाराच्या घरी हेच झालं. दशमीला रात्री शेवटचा पेला. एकादशीला सकाळपासून थरथर, घरच्यांना वाटलं उपवासाने होतंय. रात्री फिट आली. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल, आणि दातखीळ सोडवायला घातलेल्या चमच्याने पुढचा दात गेला. फिट थांबली, माणूस झोपला, म्हणून दवाखाना टळला. त्रयोदशीला तो अंथरुणात बसून हवेत सूत जोडत होता. तुटलेला धागा शोधायचा, गाठ मारायची, पुन्हा पुढचा. मधेच अंगावरच्या मुंग्या झटकायचा. बाहेरचं काहीतरी असेल म्हणून त्याला आधी देवऋषाकडे नेलं. सिव्हिलला आणला तेव्हा अंगात सणसणून ताप होता आणि बायकोची ओळख राहिली नव्हती. तो वाचला. अशा अवस्थेत आणलेला प्रत्येक जण वाचतोच असं नाही.

माळ घालायचीच असेल तर वारीच्या निदान पंधरा दिवस आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. आपल्या सिव्हिलमध्येही हा विभाग आहे. जाताना कागदावर चार गोष्टी लिहून न्या: रोज किती आणि कोणती, शेवटचा पेला किती वाजता, पूर्वी कधी फिट आली होती का, आणि सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत. पहिल्या दिवसांसाठी लिब्रियमसारखी गोळी देतात, तिचा डोस रोज कमी करत साधारण आठवडा-दहा दिवसांत बंद करतात. पट्टी त्याच्या हातात देऊ नका. प्रत्येक गोळी घरच्या माणसाने समोर उभं राहून द्यायची. त्यावर तो प्यायला तर पुढची गोळी न देता डॉक्टरांना फोन करायचा, कारण दारू आणि ही गोळी मिळून श्वास मंदावतो. उलट ‘झोप छान लागते’ म्हणून तीच चिठ्ठी महिनोन्‌महिने मेडिकलमध्ये दाखवत राहिलात, तर दारू जाऊन गोळी चिकटते.

फिट आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा आणि १०८ ला फोन करा. थांबली तरी दवाखान्यात न्यायचंच.

गल्लीतल्या दवाखान्यात दोन सलाईन लावून घरी आणणं ही याच घाईची धाकटी बहीण. पिणाऱ्याचं खाणं तुटलेलं असतं, त्यामुळे शरीरात बी-वन जीवनसत्त्व म्हणजे थायमिन जेमतेम उरलेलं असतं. अशा वेळी नुसतं ग्लुकोज गेलं तर उरलंसुरलं थायमिनही संपून मेंदूला इजा होऊ शकते. एकाचे दोन दिसतात, तोल जातो, गोंधळ वाढतो, स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. ग्लुकोजच्या आधी थायमिनचं इंजेक्शन दिलंय का, हे विचारायला लाजू नका.

‘दारू नाही ओ डॉक्टर, नुसती शिंदी पितात.’ ही माहिती अर्धवट आहे. झाडाची खरी शिंदी सौम्य असते आणि दिवसभरात आंबून जाते. दुकानात बारा महिने मिळणाऱ्या पांढऱ्या पाण्यात क्लोरल हायड्रेट मिसळलेलं सापडतं, आणि ते अचानक तोडलं तरी फिट आणि भ्रम होतो. म्हणून शिंदी म्हणूनच सांगा, किती ग्लास तेही सांगा. हातभट्टी पिऊन दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे धुकं आलं, पोट दुखून उलट्या झाल्या, तर तो नुसता हँगओव्हर नव्हे, मिथेनॉल या विषारी अल्कोहोलची बाधा असू शकते. सरळ सिव्हिल गाठा.

आता सगळ्यात जास्त संताप आणणारी गोष्ट: आमटीत कालवायची पावडर. ‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा’ अशी जाहिरात दिसली की पाय आवरा. यातल्या काही पुड्यांत नुसता पालापाचोळा असतो आणि काहींत डायसल्फिराम. डायसल्फिराम हे खरं, उपयोगी औषध आहे. ते पोटात असताना दारू घेतली की दहा मिनिटं ते अर्ध्या तासात चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. हे माहीत असलेला माणूस पेल्यापासून लांब राहतो, औषधाचा सगळा उपयोग तेवढाच. ज्याला माहीतच नाही तो पिणार, कोसळणार, आणि हृदय कमकुवत असेल तर मरूही शकतो. इमर्जन्सीमध्ये डॉक्टर हार्ट अटॅक समजून धावपळ करत असतात आणि सासू-सून पुडीबद्दल एकमेकींकडे बघत गप्प उभ्या असतात. बोला. त्या क्षणी लपवू नका.

यातून वाचला तरी घर मोडतं. दारूने आधीच संशयी झालेल्या नवऱ्याला आता पुरावा मिळतो की बायको जेवणात काहीतरी घालते. त्यानंतर तो घरचं जेवत नाही, औषध घेत नाही, तुमच्याबरोबर ओपीडीत येत नाही.

योग्य रीत अशी. त्याची संमती, लिव्हर आणि हृदयाची तपासणी, शेवटच्या पेल्यानंतर निदान चोवीस तास गेलेले. मग रोज सकाळी चहाच्या वेळी, डॉक्टरांनी सांगितलेला डोस, पाण्यात कालवून, बायकोसमोर. गोळीला सुट्टी देऊन पिऊ म्हणाल तर शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहतो. खोकल्याची अल्कोहोलवाली औषधं, होमिओपॅथीचे थेंब, द्राक्षासवासारखी आसवं-अरिष्टं, दाढीनंतरचं लोशन, हे सगळं घरातून हलवा.

लग्न लावून दिल्याने दारू सुटत नाही. दुसऱ्या घरच्या मुलीला उपचार म्हणून वापरू नका.

केंद्र निवडताना फीच्या आधी विचारा: नोंदणी दाखवा, डॉक्टर कोण, रात्री नर्स असते का, आठवड्यात भेटता येतं का. साखळीने बांधणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंद आहे. ‘उचलून नेऊ, तुम्ही फक्त पैसे भरा’ म्हणणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे. तिथे घरच्यांशीही बोलतात, आणि कुठलंही केंद्र बघताना मी आधी तेच बघतो. सोलापूरबाहेर जमत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे.

महिनाभराने माणूस घरी आला की पेढे वाटून सगळे मोकळे होतात. खरं काम तिथून पुढे असतं. झोप कित्येक आठवडे नीट लागत नाही, चिडचिड होते, आणि ‘एवढा खर्च केला तरी तोंड वाकडंच’ हे वाक्य त्याच वेळी कुणीतरी बोलतं. पगाराच्या दिवशी संध्याकाळी त्याच्यासोबत कुणीतरी असू द्या, रक्कम थेट घरात येऊ द्या. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगला पैसे पडत नाहीत, तिथे जायची वेळ घरकामात अडकवू नका. गड्ड्याची जत्रा, मिरवणूक, वरात यांचं आधीच ठरवा: किती वाजता जायचं, कुणाबरोबर, किती वाजता निघायचं. आणि एखाद्या वरातीतून पिऊन आलाच, तर त्या रात्री भांडू नका, शपथा घेऊ नका. जेवण द्या, झोपू द्या. डायसल्फिराम चालू असेल तर मात्र थेट दवाखाना. सकाळी डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला फोन लावा आणि किती घेतली ते खरं सांगा.