आडत दुकानाचं जावा वेब अ‍ॅप: कोडआधी पानांचा आणि कृतींचा कागद

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या आडत दुकानासाठी जावात वेब अ‍ॅप करायचं असेल, तर कोडला हात लावण्याआधी एक मोठा कागद आडवा धरा. एका बाजूला पानं लिहा: लॉगिन, आवक, सौदा, पट्टी (विक्रीनंतर शेतकऱ्याला द्यायचा हिशोब), शेतकऱ्याचं खातं. दुसऱ्या बाजूला कृती: आवक जतन करणे, दर भरणे, पट्टी करणे, पट्टी रद्द करणे. प्रत्येक कृतीसमोर चार रकाने हवेत: कुठल्या पानावरून येते, कोणाला परवानगी, जमलं तर पुढे कुठलं पान, फसलं तर कुठलं. शेवटचा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात आणि नेमकी तिथेच ५०० ची एरर, म्हणजे सर्व्हरच्या कोडमधली चूक, दिसते.

ब्राउझर सर्व्हरकडे मागणी (रिक्वेस्ट) दोन प्रकारे पाठवतो: जे फक्त दाखवायचं ते गेटने, जे बदलायचं ते पोस्टने. ‘पट्टी रद्द करा’ ही साधी लिंक कधीच नसावी. पानं आधीच ओढून ठेवणारं एखादं ब्राउझर एक्स्टेन्शन ती न विचारता उघडू शकतं.

सर्व्हरची आवृत्ती आधीच ठरवा. टॉमकॅट हा जावा वेब अ‍ॅप चालवणारा सर्व्हर. त्याच्या ९ पर्यंत पॅकेजचं नाव जावाएक्स, १० पासून जकार्ता. जुनी लायब्ररी नव्यावर टाकली तर सर्व्हलेट (मागणी हाताळणारा जावा क्लास) सापडत नाही आणि चूक मॅपिंगमध्ये, म्हणजे कुठला पत्ता कुठल्या सर्व्हलेटकडे जातो त्या नोंदीत, शोधण्यात दिवस जातो. सगळ्या कृती एकाच कंट्रोलर सर्व्हलेटमधून न्यायच्या असतील तर त्याला ‘/*’ असं मॅपिंग देऊ नका. जेएसपीकडे (पान तयार करणाऱ्या फाइलीकडे) केलेला फॉरवर्डही परत त्याच सर्व्हलेटकडे येतो, चक्र संपत नाही, शेवटी स्टॅक (चालू कॉलची स्मृती) भरतो. ‘/कृती/*’ असा स्वतंत्र रस्ता द्या आणि जेएसपी फाइली वेब-आयएनएफ फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे पत्ता टाइप करून कोणी थेट उघडू शकणार नाही.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो फॉरवर्ड आणि रीडायरेक्ट ठरवायला. फॉरवर्डमध्ये सर्व्हर तीच रिक्वेस्ट आतल्या आत दुसऱ्या पानाकडे देतो; रीडायरेक्टमध्ये ब्राउझरला नवा पत्ता मागायला सांगतो. पट्टी जतन झाल्यावर फॉरवर्ड केलात तर ब्राउझरमध्ये पत्ता जतन करण्याचाच राहतो. दिवाणजींनी एफ५ दाबून पुढच्या सूचनेला ‘हो’ म्हटलं की तीच पट्टी दुसऱ्यांदा पडते आणि शेतकऱ्याच्या खात्यावर दुप्पट रक्कम दिसते. म्हणून पोस्ट यशस्वी झालं की रीडायरेक्ट, फॉर्ममध्ये चूक निघाली तर फॉरवर्ड, म्हणजे भरलेले आकडे जागेवर राहतात. रीडायरेक्टमध्ये रिक्वेस्टवर ठेवलेलं काही उरत नाही, तेव्हा ‘पट्टी जतन झाली’ हा संदेश सेशनमध्ये (लॉगिन केलेल्या माणसासाठी सर्व्हरवर राहणाऱ्या माहितीत) ठेवा, एकदा दाखवा आणि काढून टाका. रीडायरेक्ट करणाऱ्या सेंडरिडायरेक्टच्या पुढच्याच ओळीवर रिटर्न हवा, नाहीतर खालचा कोड चालूच राहतो. पत्त्याच्या सुरुवातीला कॉन्टेक्स्ट पाथही, म्हणजे सर्व्हरवरच्या अ‍ॅपचं नाव, जोडा. फॉरवर्डला तो लागत नाही, रीडायरेक्टला लागतो.

बटण घाईत दोनदा दाबलं गेलं, तर मात्र रीडायरेक्टही वाचवत नाही, कारण दोन्ही पोस्ट आधीच निघालेल्या असतात. त्यासाठी फॉर्ममध्ये एकदाच चालणारा टोकन (गुप्त खूण) घाला आणि डेटाबेसमध्ये सौदा क्रमांकावर युनिक बंधन ठेवा, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा घेतला जात नाही. टोकन एक वेळ निसटेल, बंधन निसटत नाही.

परवानगी सर्व्हरवर, प्रत्येक कृतीच्या पत्त्यावर तपासा; बटण लपवणं म्हणजे परवानगी नव्हे. फिल्टर, म्हणजे सर्व्हलेटआधी रिक्वेस्ट तपासणारा कोड, वेगळं सांगितल्याशिवाय फॉरवर्डवर चालत नाही, हेही ध्यानात ठेवा. पहिला पॅरामीटर वाचण्याआधीच कॅरेक्टर एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ करा, नाहीतर शेतकऱ्यांची मराठी नावं विचित्र खुणांनी भरू शकतात.

टॉमकॅटचं सेशन, काही बदललं नाही तर, ३० मिनिटांचं असतं. सौदे लांबले की उघडा फॉर्म तसाच पडून राहतो आणि जतन करताना लॉगिन पान येतं, भरलेलं सगळं जातं. वेळ वाढवताना वेब.एक्सएमएलमध्ये (अ‍ॅपच्या सेटिंगच्या फाइलीत) मिनिटं लिहायची, कोडमधून दिलीत तर सेकंद.

‘चालू पट्टी’चा क्रमांक सेशनमध्ये ठेवू नका. दोन टॅबमध्ये दोन शेतकऱ्यांच्या पट्ट्या उघड्या असतील तर एकाचा दर दुसऱ्याच्या पट्टीत जातो. क्रमांक फॉर्ममध्येच लपवून पाठवा आणि ती पट्टी त्याच दुकानाची आहे का, हे सर्व्हरवर पुन्हा तपासा.