ड्राफ्टमधला सौदा कसा तोलावा

एप्रिलअखेरच्या गुरुवारी रात्री अमेरिकेत एनएफएल या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल लीगच्या ड्राफ्टची, म्हणजे संघांनी क्रमाक्रमाने नवे खेळाडू निवडण्याच्या कार्यक्रमाची, पहिली फेरी सुरू होते, तेव्हा नागपुरात शुक्रवारचे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. अमेरिकन फुटबॉलच्या प्रेमापोटी त्या वेळी उठणाऱ्यांनी कागद-पेन्सिल जवळ ठेवावी, कारण कोणता संघ कोणाला निवडतो यापेक्षा निवडीचे क्रमांक कोणत्या भावाने हात बदलतात, हे पाहणे अधिक रंजक असते.

प्रथम भाव काढावा. १९९०च्या दशकाच्या आरंभी डॅलस काउबॉइज संघाने प्रत्येक क्रमांकाला गुण देणारा तक्ता तयार केला. तो प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या नावाने ओळखला जातो. त्यात पहिल्या क्रमांकाला ३०००, दहाव्याला १३०० आणि बत्तिसाव्याला ५९० गुण आहेत. २०१७ मध्ये बफेलो संघाचा दहावा क्रमांक मिळवण्यासाठी कॅन्सस सिटीने सत्ताविसावा (६८०), एक्क्याण्णवावा (१३६) आणि २०१८ च्या पहिल्या फेरीतील आपला क्रमांक देऊ केला. पुढच्या वर्षीचा क्रमांक एक फेरी खालचा धरण्याची रीत आहे. झाडावरच्या आंबिया बहाराला कळमना बाजारातल्या आजच्या संत्र्याचा भाव कोणी देत नाही, तसेच हे. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर सुमारे ४२० गुण धरले, तर बेरीज १२३६ होते, म्हणजे भाव किंचित कमी, पण वाजवी. त्या दहाव्या क्रमांकावर कॅन्सस सिटीने पुढे अनेक अजिंक्यपदे मिळवून देणारा पॅट्रिक महोम्स निवडला, म्हणून बफेलोचा हिशेब चुकला असे आज म्हणणे सोपे आहे. प्रस्ताव मात्र त्या घडीच्या माहितीवरच तोलावा लागतो.

तक्ता भाव सांगतो, गरज सांगत नाही. त्यासाठी संघाची हव्या त्या खेळाडूंची स्वतःची यादी हवी, आणि माझ्या मते निर्णयाचा खरा कस येथेच लागतो. दहाव्यावरून तेराव्यावर उतरायचे असेल, तर मधल्या तीन निवडींत इतर संघ तीन खेळाडू नेणार. म्हणून यादीत एकाच तोडीचे निदान चार खेळाडू शिल्लक असतील, तर एक हमखास हाती लागतो आणि वरकड गुण फुकटचे ठरतात. दोनच शिल्लक असतील, तर तक्त्यापेक्षा बरेच अधिक मागावे. सतरा जागा खाली जाताना अशी हमी मिळणे जवळजवळ अशक्य, म्हणूनच मोबदल्यात पुढच्या वर्षीचा मोठा क्रमांक घेतला जातो.

समोरचा संघ क्वार्टरबॅकसाठी, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या मुख्य खेळाडूसाठी, धडपडतो आहे असे दिसले, तर पहिल्या आकड्याला होकार देऊ नये. रिचर्ड थेलर आणि केड मॅसी या संशोधकांच्या अभ्यासानुसार संघ वरच्या क्रमांकांना अवाजवी किंमत देतात. खाली उतरणाऱ्याला ते सोयीचेच.

करारही पाहावा. बत्तिसाव्या आणि तेहेतिसाव्या क्रमांकांत तक्त्यावर फक्त १० गुणांचा फरक आहे, पण पहिल्या फेरीतल्या खेळाडूला पाचव्या वर्षीही ठेवण्याचा हक्क संघाला मिळतो. २०१८ मध्ये बाल्टिमोरने बत्तिसाव्या, म्हणजे पहिल्या फेरीतल्या शेवटच्या, क्रमांकावर येऊन क्वार्टरबॅक लामार जॅक्सनला निवडले, तेव्हा तो हक्कही पदरात पडला.

हा सारा हिशेब निवडीसाठी दिलेल्या वेळेचे घड्याळ सुरू होण्यापूर्वीच झालेला बरा. ‘आमचा खेळाडू तोवर उरला, तर सौदा पक्का’ अशी अट आधीच ठरवून ठेवली, की हाताशी असलेल्या मोजक्या मिनिटांत फक्त होकार देऊन लीगला कळवणे उरते.