फिलिपिन्सचे संकरित ऑर्किड लाकडावर कसे वाढवावे

फॅलेनॉप्सिस इंटरमीडिया हे फिलिपिन्स बेटांवरील झाडांवर वाढणारे ऑर्किड असून, ॲफ्रोडाइट आणि इक्वेस्ट्रिस या फॅलेनॉप्सिसच्या दोन जातींच्या नैसर्गिक संकरातून ते निर्माण झाले आहे. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली यांनी १८५३ मध्ये त्याचे वर्णन केले, तेव्हाच ते संकरित असावे असा त्यांचा कयास होता. पुढे १८८६ मध्ये इंग्लंडमधील व्हीच रोपवाटिकेत जॉन सीडन यांनी याच दोन जातींमध्ये मुद्दाम घडवून आणलेल्या संकराला फुले आली आणि तो कयास खरा ठरला.

रोप रोपवाटिकेत वाढवलेलेच घ्यावे. जंगलातून ओरबाडलेले रोप कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

हे ऑर्किड बांडगुळाप्रमाणे झाडाचा रस शोषत नाही, केवळ आधार घेते. त्यामुळे खडबडीत सालीचा, न कुजलेला लाकडाचा तुकडा त्याला पुरतो. प्रथम मुळे पाण्यात भिजवून लवचीक करावीत आणि कुजलेली मुळे निर्जंतुक कात्रीने कापावीत. नंतर लाकडावर स्फॅग्नम मॉसचा (पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळाचा) पातळ थर ठेवून त्यावर मुळे पसरावीत आणि नायलॉनच्या दोऱ्याने रोप घट्ट बांधावे. पाने खाली झुकलेली राहतील, याची विशेष काळजी घ्यावी, कारण पानांच्या बेचक्यात पाणी साचले की रोपाचा शेंडा कुजतो आणि तो कुजला की रोप वाचणे अवघड होते.

पाणी केव्हा द्यायचे, हे वेळापत्रकापेक्षा मुळांवरून ठरवणे मला अधिक खात्रीचे वाटते. कोरड्या मुळांवर रुपेरी राखाडी झाक असते. पाणी पडताच त्यांचे स्पंजसारखे आवरण ते शोषून घेते आणि आतला हिरवा रंग दिसू लागतो. रुपेरी झाक परतल्यावर सकाळी भरपूर पाणी द्यावे, म्हणजे संध्याकाळपर्यंत पाने कोरडी होतात. लाकडावरील मुळे कुंडीतल्यापेक्षा लवकर सुकत असल्याने उन्हाळ्यात रोज पाणी लागू शकते.

रोपाला गाळलेला उजेड, खेळती दमट हवा आणि रात्रीही साधारण १८ अंश सेल्सिअसपेक्षा कमी न होणारे तापमान मिळावे. वाढीच्या काळात शिफारशीच्या पाव मात्रेचे खत पंधरवड्याने द्यावे.

फुले गळाल्यावर दांडा हिरवा असेल तर कापण्याची घाई करू नये. त्यावर पुन्हा कळ्या येऊ शकतात, कधी पिल्लू, म्हणजे दांड्यावरच उगवणारे छोटे रोपही फुटते. पिल्लाची मुळे सुमारे पाच सेंटिमीटर लांब झाल्यावरच ते वेगळे करून दुसऱ्या लाकडावर बांधावे.